टाके सुईवर असतानाच

रत्नागिरी,
आषाढ वद्य पंचमी

चि. सौ. बायो हिस,


परवा फोनवर मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय विणतेस सध्या?" आणि तू म्हणालीस, "दाखवण्यासारखं काहीच नाही गं आत्या. सगळं अर्धवट आहे. कपाटात ढकलून दिलंय." पाठोपाठ बाळाचा खोकला, ऑफिसातलं नवं काम, सासूबाईंचे गुडघे असं पुष्कळ सांगितलंस. फोन ठेवल्यावर मला वाटत राहिलं की या सगळ्याच्या जोडीला ते अर्धवट विणकामही यायला हवं होतं. ते कपाटात गेलं याचं वाईट वाटलं. असलं काही फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

जे सांगायचंय ते आधीच सांगते. पुरं झाल्याशिवाय दाखवायचं नाही, ही सवय मोड. टाके सुईवर असतानाच दाखव, आणि त्या दिवशी घरात काय चाललं होतं तेही बरोबर सांग.

आता माझंच ऐक. आषाढाने इथे धरलेलं अजून सोडलेलं नाही. वलणीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत, माजघरातली लादी ओलसर असते आणि तिन्हीसांजेला हमखास लाईट जाते. आज सकाळी फणसाच्या आठळ्या उकडायला लावल्या आणि त्या शिजेपर्यंत देवघरातल्या चौरंगाच्या रुमालाची एक फेरी झाली. दुपारी टाकळा निवडून झाल्यावर समोरच्या वहिनींच्या सुनेच्या बाळंतविड्यातलं टोपडं हातात घेतलं. तिला आठवा लागलाय. टोपडं पांढऱ्या सुती दोऱ्याचं आहे, कडेला फिका पिवळा. कानांपर्यंत उतरलंय, नाड्या राहिल्यात. तुझ्या काकांचा बिनबाह्यांचा स्वेटर मात्र पाठ विणून होऊन थांबलाय, कारण डिसेंबरात दिल्लीला धाकट्याकडे जायचं की नाही हे अजून ठरत नाही. यातलं एकही पुरं नाही, पण आमच्याकडे काय चाललंय ते तुला समजलं ना?

रुमालाचं जरा जास्त सांगते, कारण तूही मागे एक गोल रुमाल सपाट बसत नाही म्हणून सोडून दिला होतास. क्रोशात खांबाचा गोल विणताना दर फेरीला साधारण 12 खांब वाढवायचे असतात. पहिल्या फेरीत 12, दुसरीत 24, तिसरीत 36. मुका खांब बुटका, म्हणून त्याच्या गोलाला दर फेरीला 6 पुरतात. वाढ कमी पडली की कडा वर उचलतात आणि रुमालाची वाटी होते. जास्त झाली की कडेला झालर पडते. शिवाय वाढवायच्या जागा दर फेरीला एकावर एक आल्या तर गोलाला कोपरे दिसू लागतात, म्हणून त्या थोड्या सरकवत न्यायच्या. ही शेवटची गोष्ट मला वहिनींनी माझा अर्धा रुमाल मांडीवर घेऊन, बोटाने एकेक खांब दाबत दाखवली. तोच रुमाल पुरा होऊन, खळ देऊन समोर ठेवला असता तर त्या 'छान झालाय हो' म्हणाल्या असत्या आणि चहा घेऊन गेल्या असत्या.

सुयांच्या विणीतही तेच. चार ओळी खाली एखादा सुलट टाका उलट पडला असेल तर आख्खं उसवायचं कारण नसतं. तेवढा एकच टाका सुईवरून सोडायचा, चार ओळी खाली उतरू द्यायचा आणि क्रोशाच्या सुईने एकेक धागा उचलत पुन्हा वर आणायचा. जाणत्या बाईला हे दोन मिनिटांचं काम. पण ते टाके सुईवर असेपर्यंतच सोपं असतं. कडा बंद झाल्या, शिवण झाली, की मग कुणाला दाखवून उपयोग नाही. दिसतं पण हात घालता येत नाही. तुझ्या सोसायटीत विणणाऱ्या दोघी-तिघी आहेत असं तूच सांगतेस. त्यांच्याकडे पिशवी घेऊन जा.

दुसरं कारण जरा जड आहे, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचं गाव आहे. 1844च्या सुमारास एका स्कॉटिश मिशनरी दांपत्याने तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली असं सांगतात. पुढे ती लेस परदेशी बाजारात गेली, अजूनही जाते. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे जाऊन अभ्यास केला आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक 1982 साली आलं. त्यांना काय दिसलं? बायका घरचा सगळा रगाडा उपसून दिवसाला सहा-आठ तास लेस विणत होत्या. पण व्यापारी, घरची माणसं, कागदपत्रं, सगळीकडे त्यांची ओळख घरात बसून असलेल्या गृहिणी एवढीच होती, आणि लेस म्हणजे त्यांच्या फावल्या वेळातला उद्योग. फावल्या वेळाला दाम कोण देणार? मजुरी अगदी चिंधीभर. लेस हजारो मैल जाऊन लोकांच्या टेबलांवर पसरली, तिच्यातले तास मात्र गावातसुद्धा कुणाला दिसले नाहीत.

तुझ्या-माझ्या घरी मजुरीचा प्रश्न नाही, पण तास न दिसणं आपल्याकडेही आहे. तू रात्री सगळी झोपल्यावर विणतेस, सकाळी कुणी उठायच्या आत पिशवी आत टाकतेस, आणि एक दिवस घडी घातलेला स्वेटर समोर ठेवतेस. घरच्यांनी तो दुकानातल्या स्वेटरासारखा बघितला तर त्यांना बोल लावू नकोस. त्यांनी तो वाढताना पाहिलेलाच नाही. टोपली हॉलमध्ये, सोफ्याच्या बाजूला ठेव. जेवणं झाल्यावर सुईवरचं तसंच पसरून दाखव, "काल काखेपर्यंत होतं, आज खांदा सुरू केला" म्हणून सांग. आज अजिबात हात लागला नाही, कारण दुपारभर डॉक्टरकडे बसले होते, हेही सांग. जावईबापूंना लडी दोन्ही हातांवर धरून समोर बसव आणि तू गुंडा कर. तुझे काका ते काम वर्तमानपत्र बाजूला ठेवून करतात, आणि गुंडा होईपर्यंत आमच्या मुलांच्या, घराच्या, औषधांच्या सगळ्या गोष्टी बोलून होतात. काकांना दोऱ्याचा जाडेपणा आता माझ्याइतका कळतो.

कुणी ऑफिसात म्हणेल, मलाही एक करून दे, पैसे देते. तेव्हा नुसती लोकरीची किंमत सांगून गप्प बसू नकोस. कधी बसतेस, किती बसतेस, बाहीला किती दिवस जातात हे आधी सांग, आणि मग आकडा सांग. तो ऐकून समोरची मागे सरली तर सरू दे. आणि जिच्यासाठी करावंसं वाटतं तिच्यासाठी फुकट कर, मनापासून कर. अर्ध्या किमतीत नाइलाजाने केलेल्या कामाने मन आंबतं, ते टाळ.

आता वेळेचं. "आत्या, तू वेळ कसा काढतेस?" हे तू दर खेपेला विचारतेस. मी वेळ काढायला जात नाही. जो वेळ समोर येतो त्याला जुळणारं काम हातात घेते. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा असतो; तो सैल ओढून ठेवला की काम टाकून धावत सुटता येतं. म्हणून कुकरच्या शिट्ट्या मोजताना, दूधवाल्याची वाट बघताना, बाळ अंघोळीला जायला कुरकुरत असताना क्रोशा. सुयांवर शंभरभर टाके उघडे असतात आणि मध्येच उठलं की ओळीच्या मधोमध थांबावं लागतं, टाके गळायची धास्ती. तेव्हा बूड टेकून बसायला मिळेल अशाच वेळी सुया. जाळीचं, मोजून करायचं काम सकाळच्या उजेडात. लाईट गेल्यावर, टीव्हीसमोर, गप्पांत नुसती सुलट ओळ. ती बोटांना दिसते, डोळ्यांची गरज पडत नाही. तू लेस-पॅटर्नचा अवघड फ्रॉक घेऊन रात्री अकराला पेंगत बसतेस, तिथे अडतं. फ्रॉक रविवारी सकाळी घे आणि रात्रीसाठी साधा मफलर सुरू कर.

यावर एक फार चांगलं पुस्तक आहे. एलिझाबेथ झिमरमन या बाई इंग्लंडात जन्मल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झाल्या. त्यांचं 'निटर्स अल्मनॅक' 1974 साली निघालं. बारा महिन्यांची बारा प्रकरणं, आणि प्रत्येक महिन्यात त्या वेळच्या हवेला, घरातल्या गडबडीला साजेल असं विणकाम. फेब्रुवारीत तान्ह्या बाळांच्या वस्तू. मेमध्ये पुढच्या हिवाळ्याचे हातमोजे. जुलैत, सुट्टीत बाहेर पडायच्या दिवसांत, एक मोठी गोल शाल. ती शाल 9 टाक्यांनी सुरू होते, टाके प्रत्येक वेळी दुप्पट करायचे, आणि दोन दुपटींमधल्या फेऱ्या 3, 6, 12, 24 अशा वाढत जातात. गोलाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, एवढंच त्यामागचं गणित. मधल्या फेऱ्यांत काही मोजावं लागत नाही, म्हणून प्रवासात आणि गप्पांत हात चालू ठेवता येतो. नमुना सांगता सांगता बाई आपला दिनक्रम, प्रवास, घरातली माणसं हेही लिहीत जातात, आणि त्यामुळेच ते पुस्तक इतकी वर्षं बायकांच्या हाताशी राहिलं असं मला वाटतं.

आपल्या कोकणाचंही असं पंचांग मी मनाशी धरलंय. ज्येष्ठ-आषाढात लोकर बाहेर काढायचीच नाही. दमट हवेत ती जड होते, तळहाताला घाम येतो, धागा सुईवर सरकत नाही. ॲल्युमिनियमच्या सुया घामट हातात काळा डाग सोडतात आणि फिक्या दोऱ्यावर तो डाग उतरतो. तेव्हा हे दोन-तीन महिने सुती दोरा आणि क्रोशा. क्रोशाच्या बारीक पोलादी सुया खाऱ्या हवेने गंजतात. काम झालं की कोरड्या फडक्याने पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवते, आणि वापरायच्या आधी पुन्हा पुसते, नाहीतर दोरा तेलकट होतो. श्रावणात गणपतीचे वेध लागतात. दाराचं तोरण, आरतीच्या ताटाखालचा रुमाल असली कामं. दसऱ्यानंतरचं ऊन कडक असतं, तेव्हा सगळी लोकर अंगणात चटईवर घालायची आणि मगच स्वेटर सुरू करायचे. आमच्या थंडीला स्वेटर लागत नाही. पहाटे एक चादर ओढली की झालं. पण आपली माणसं पुण्याला, दिल्लीला, कुणी परदेशात. रत्नागिरीतून लोकरीचं जे काही निघतं ते बहुतेक पार्सलानेच जातं. आणि चैत्र-वैशाखात विणकाम बंद. पेट्या भरायच्या, साठं घालायची, आमसुलं वाळवायची, आल्यागेल्याचं करायचं. आंब्याच्या चिकाचे हात पांढऱ्या दोऱ्याला कोण लावील? त्या दिवसांत कुणी विचारलं की मी सरळ सांगते, सध्या काही विणत नाही, आंबा चालू आहे. तुझंही वर्षअखेरीचं काम असतं तेव्हा असंच सांगावं. त्यात संकोच कसला?

तुझ्या आजीची वही माझ्याकडे आहे. कधीतरी तुला दाखवायची राहून गेली, आता आलीस की काढून ठेवते. लाल पुठ्ठ्याची, कडा झुरळांनी खाल्लेल्या. आम्ही लहान असताना आईला वाटे की दोन कामांसाठी दोन वह्या कशाला, म्हणून दुधाचा हिशेब, धोब्याचे कपडे, विणकामाचे नमुने सगळं एकाच पानावर. 1962च्या पानावर मी खूण घातली आहे. चीनचं युद्ध झालं तेव्हा देशभर घरोघरी बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्यात आई होती. पानावर लिहिलंय: 'खाकी. बॉर्डर 12 नंबर, 2 सुलट 2 उलट, 3 इंच. पुढे 10 नंबर.' त्याच्याखाली: 'एक बाही पुरी. दादा शाळेत पडला, गुडघा फुटला, हळद भरली.' आणि समासात चार शेर दूध, दोनदा खोडलेलं. दादा म्हणजे तुझे बाबा. तो स्वेटर कुठल्या सैनिकाच्या अंगावर गेला ते आम्हाला कधी कळलं नाही, कळणारही नव्हतं. पण ती बाही कोणत्या दिवशी पुरी झाली आणि तेव्हा घरात काय घडत होतं, हे साठ वर्षांनी मला समोर दिसतं. तुझ्या बाबांना तो गुडघ्याचा वण दाखवायला सांग.

तशी एक वही तू कर. महागडी नको, मुलांची दोनरेघी चालेल. सुईचा नंबर, टाक्यांची संख्या आणि दोऱ्याचा कागदी पट्टा चिकटवून ठेव, कारण त्यावर रंगाचा आणि लॉटचा नंबर असतो आणि लोकर कमी पडली की दुकानदार तोच विचारतो. वेगळ्या लॉटची तीच लोकर पोटावर मधोमध आली की छटा बदललेली लांबून कळते. आणि त्याखाली दिवसाच्या दोन ओळी. बाळ पहिल्यांदा काय बोललं, भाजीत काय होतं, कुणाचा फोन आला. लिहायला काही सुचलं नाही तर पाऊस किती होता ते लिही.

मुलगा सुया मागतो आणि सासूबाई म्हणतात 'मुलाने कशाला', असंही तू सांगितलंस. त्यांना उलट बोलू नकोस. त्यांना आणि त्याला घेऊन इकडे ये, आपण मिरकरवाड्याला जाऊ. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि बाप्ये माणसं आडोशाला जाळी पसरून दुरुस्तीला बसतात. फाटलेल्या जागचे धागे आधी नीट कापून घ्यायचे, मग दोरा भरलेल्या सुईने एकेक गाठ मारत आस, म्हणजे जाळ्याचं एकेक घर, भरत जायचा. आस शेजारच्या आसाच्या मापाचाच भरावा लागतो. लहान-मोठा झाला तर जाळं ओढलं जातं आणि ताण एका जागी येऊन पुन्हा तिथेच फाटतं. बोटं इतकी भराभर चालतात की बघणाऱ्याला गाठ दिसत नाही. आणि सबंध वेळ बोलणं चालू: कुणाच्या इंजिनाचं काय झालं, डिझेल, पोरीचं लग्न, नारळी पुनवेला समुद्र कसा असेल. ती माणसं पुरं झालेलं जाळं दाखवायला कुणाला बोलावत नाहीत. फाटकं जाळं मांडीवर घेऊन चारचौघांत बसतात. मोठ्या बोटांत सुई आणि दोरा किती शोभून दिसतात ते सासूबाईंनी एकदा बघावं. युरोपात तर मध्ययुगानंतर विणकाम करणाऱ्यांचे संघ होते आणि त्यांत पुरुष असत. मुलगा लहान आहे, सुया लगेच देऊ नकोस, डोळ्याला लागायची भीती. नुसत्या बोटांनी साखळी विणायला शिकव. एक फास, त्यातून दोरा ओढायचा, पुन्हा ओढायचा. खोलीभर लांब साखळी झाली की त्याला तीच दोरी म्हणून खेळायला होईल, आणि "आज एवढी झाली" हे तो आपणहून सगळ्यांना सांगत सुटेल.

एकटीने विणण्यात जे सुख आहे त्याला मी कमी लेखत नाही. 2013 साली ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात विणणाऱ्यांची मोठी पाहणी छापून आली होती, 3,545 जणांची. जितकं जास्त वेळा विणतात तितकं मन शांत आणि आनंदी राहतं, असं त्यांच्या उत्तरांतून दिसलं. पण चारजणांत बसून विणणाऱ्यांनी आणखी एक सांगितलं, की माणसांशी बोलणंचालणं सुधारलं. सासूबाई दुपारभर एकट्या असतात, तू म्हणतेस त्या अबोल झाल्यात. त्यांना लोकरीचे चौकोन विणायला दे. चार-चार इंचांचे, उरल्यासुरल्या लोकरीचे, रंग त्यांनी निवडायचे. रोज संध्याकाळी तू घरी आलीस की आजचा चौकोन बघायला माग. गुडघ्यांबद्दल विचारण्याआधी चौकोनाबद्दल विचार. त्या चौकोनाबरोबर दुपारचं बाकीचं बोलणं आपोआप येईल.

दुसरीचं काम बघताना काय करावं तेही लिहिते, कारण दाखवणारी एकटी काही करू शकत नाही. आधी हातात घे. उलटी बाजू बघायची घाई करू नकोस. गाठी तिथे असतात आणि तिला ते ठाऊक असतं. दोरा कुठला, सुई कितीची, कुणासाठी, हे विचार. "केवढ्याला पडलं?" हा प्रश्न शेवटी, किंवा नकोच. आणि मध्ये काय झालं हे मुद्दाम विचार: "गळ्यापाशी रंग का बदललास?" बहुतेक वेळा तिथे काहीतरी घडलेलं असतं. लोकर संपलेली असते, कुणी आजारी पडलेलं असतं, कुणी गेलेलं असतं. आमच्या आळीतल्या एका काकूंच्या शालीत मधेच दोन बोटं रुंद वेगळी वीण आहे. मालक दवाखान्यात होते तेव्हा रात्री जागून त्या जे काही सुचेल ते विणत होत्या. नंतर उसवायला त्यांचं मन झालं नाही. त्यांनी ती शाल पुरी होण्याआधी आम्हाला दाखवली होती म्हणून आम्ही त्या दिवसांत त्यांच्याकडे डबा पोचवू शकलो.

आणि कधी घरात लागेल तेवढं सगळं विणून झालं, हात मोकळे वाटू लागले, तर मुंबईत साईशा इंडिया फाउंडेशन नावाची संस्था आहे. कर्करोगामुळे स्तन काढावे लागलेल्या बायकांसाठी ती सुती धाग्याचे, विणलेले, हलके कृत्रिम स्तन विनामूल्य देते. ठिकठिकाणच्या स्वयंसेवक बायका घरी बसून सुयांवर किंवा क्रोशाने ते विणतात. व्रणाच्या नाजूक कातडीला टोचू नये म्हणून धागा मऊ सुतीच हवा, गाठी आत दडवायच्या. एवढंसं, तळहातावर मावणारं काम आहे, तुझ्यासारख्या धावपळीतल्या बाईला जमण्याजोगं. कुणाला मिळणार हे आपल्याला कळत नाही, खाकी स्वेटरासारखंच.

आता कपाटातलं काढ. मुलाचा निळा स्वेटर गेल्या दिवाळीपासून तसाच आहे, म्हणजे तो आता त्याच्या अंगात येणार नाही. उसवू नकोस. तेवढाच पुरा कर आणि कुणाच्या तरी धाकट्याला दे, तुझ्या नणंदेकडे पाळणा हलणार आहेच. मुलासाठी नवा घाल, पण या खेपेला गळ्याकडून खाली. गळ्याचे टाके आधी, मग पुढे-पाठ-बाह्या एकत्र वाढवत काखेपर्यंत, आणि तिथून बाह्यांचे टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवून अंग सरळ खाली उतरवायचं. यात दोन सोयी आहेत. विणता विणता त्याच्या अंगाला लावून बघता येतं, आणि पुढच्या वर्षी उंची वाढली की खालची किनार उसवून तीच वीण चार बोटं पुढे नेता येते. त्यासाठी त्याच लॉटचे दोन गुंडे जास्तीचे घेऊन ठेव, आणि वहीत लिही. सुरू करण्याआधी चार इंचांचा चौकोन विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोज. तुझा हात माझ्यापेक्षा घट्ट आहे, माझा हिशेब तुला चालणार नाही.

आज पावसाने जरा उसंत दिली आहे तेवढ्यात पत्र टाकायला काका निघालेत, म्हणून आटोपतं घेते. वहिनींनी तुला विचारलंय. आमसुलं आणि आठळ्या पुढच्या आठवड्यात कोकण रेल्वेने येणाऱ्या शेजारच्या मुलाबरोबर पाठवते. आठळ्या वाळूत पुरून ठेव, टिकतील. बाळाला खोकल्यावर रात्री हळदीचं दूध दे आणि छातीला ओवा शेकून बांध.

मुलाच्या नव्या स्वेटराचा गळा डोक्यातून सहज उतरायला हवा, म्हणून त्याच्या डोक्याचा घेर, भुवईच्या वरून पट्टी फिरवून, मोजून मला कळव. टाके किती घालायचे ते सांगते.

तुझी,
आत्या

ता. क. निळा स्वेटर आज रात्री जेवणानंतर बाहेर काढून सगळ्यांसमोर ठेव आणि मला फोटो पाठव, जसा आहे तसा, सुयांसकट.